सोमवारी, उद्यमनगर बंद असताना

सोमवार. भट्टी गार.
शटर निम्मंच वर, त्याखालून वाकून
तौफिक शिकलगार आत येतो,
खिशातून काडेपेटीएवढी डबी काढतो.
मॅडम, नवीन सिस्टीम टाकायच्या आधी
सगळं ह्यात घ्या. मेल घ्या, नंबर घ्या.
मागनं माझ्या नावानं बोंबलायचं न्हाई.
मग स्वतःच हसतो:
विषय हार्ड हाय, डिस्क पण हार्ड हाय.

बावीस वर्षं या टेबलाशी.
काचेपलीकडे काळी वाळू,
काचेअलीकडे मी, चलनं, हजेरी, पगार.
नंबर मालक सांगायचे, मी टाकायची,
ते सांगतील त्याच नावानं:
भंगार, काटा मारतो.
भंगार, काटा मारत नाही.
कोक सांगली.
उचलू नका.
उचलू नका दोन.
गोकुळ शिरगाव, चष्मेवाला.
हा कोण ते आता मालकांनाही आठवत नाही,
चष्मा तेवढा शिल्लक आहे.

मशीन विचारतं:
ही तीन नावं, नंबर एकच. एकत्र करू?

बाळू मोल्डर.
बाळासाहेब.
बाळासाहेब शेठ शिरोली.

पहिलं टाकलं तेव्हा तो
वाळूचे हात शर्टाला पुसत
याच खिडकीत उभा राहायचा,
शनिवार यायच्या आधीच, उचल मागायला.
दुसरं टाकलं तेव्हा पेढे आणले होते,
बॉक्स माझ्यापुढे आधी धरला, मालकांपुढे नंतर,
आणि ते मालकांच्या लक्षात आलं.
तिसरं टाक म्हणाले तेव्हा मालक
बराच वेळ पंख्याकडे बघत होते.

कुठलं ठेवू?
मी "नको" दाबते.
राहू देत तिघंही.

हिरवी पट्टी सरकते, थांबते,
चढावर बैल थांबावा तशी.
एकतीस टक्के.
तौफिक चहा सांगायला जातो
आणि तेवढ्यात मला एक कप्पा दिसतो,
मसुदे, अकरा.

माननीय महोदय, मी दिनांक

बस, एवढंच. दिनांक टाकायचा राहिला,
मग बहुतेक कुणीतरी गेट पास मागायला आलं असेल.
खाली दुसरा:
सुमे, त्या दिवशी मी बोलले ते
पुढं काही नाही.
काय बोलले होते, ते लिहायला धीर झाला नाही
की जेवणाची सुट्टी संपली, कोण जाणे.

एकोणीसच्या ऑगस्टात
पाणी आमच्या कुंभार गल्लीत शिरलं, शाहूपुरीत,
तेव्हा माणसांच्या आधी गणपती जिना चढले.
हातातून हातात. मी सातव्या पायरीवर.
पांढरेफटक, सोंडेला अजून ओल,
चेहऱ्यावर डोळ्यांच्या जागी नुसता उंचवटा.
म्हटलं, आखणी न झालेले पण न्यायचे?
खालून निवास कुंभार ओरडला,
वैनी, डोळं मागनं काढता येत्यात.
मातीच विरघळली तर कशावर काढू?

चहा येतो. तौफिक पडद्यात डोकावतो.
हे अर्धवट कशाला घेताय, फुकट जागा खातंय.
घे, म्हणते मी.
सगळं?
सगळं.
तो खांदे उडवतो. त्याचं वय तेवीस,
त्याचं अजून काहीच अर्धं राहिलेलं नाही
किंवा असेल, मी विचारलेलं नाही.

डबीवर चिकटपट्टी लावून नाव लिहा म्हणतो.
पेन धरून बसते.
मालकांचं नाव लिहावं, तर आत माझी सुमी आहे.
माझं लिहावं, तर काटा मारणारे आहेत.
शेवटी लिहिते "सोमवार"
आणि डबा काढून पिशवीत तळाशी ठेवते तिला,
घरी न्यायला, वरच्या मजल्यावर.

मग तो कुठलंतरी बटण दाबतो.
पडदा काळा.
त्यात मी, मागं निम्मं शटर,
शटरखालून कुणाचे तरी जाणारे पाय.
घाबरू नका मॅडम, तौफिक म्हणतो, येतंय परत.

मी घाबरले नव्हते.
मी आठवत होते,
उचलू नका दोन
कोण होता.